‘कुठली आणली?’ : जुनी जपानी गाडी आणि तिचा हरवलेला इतिहास

मोताळ्यात कोणी जुनी इनोव्हा दारात आणून उभी केली की बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. ‘कुठली आणली?’ असे विचारले जाते. दिल्लीची, पुण्याची, बंगलोरची, जळगावची, जे काय उत्तर येईल त्यावर मान हलते, मग बोनट उघडले जाते आणि त्यानंतर किमतीचा विषय निघतो. हा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटतो. गाडी कुठून आली, तिथे ती कोणाकडे होती, काय काम करत होती आणि का विकली गेली, हे कळले तर जुन्या गाडीबद्दल कळण्यासारखे बहुतेक सगळे कळते. अडचण एवढीच की आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर विकणाऱ्याच्या तोंडून मिळते. कागदावर ते तुकड्यातुकड्यांत विखुरलेले असते.

आमच्या तालुक्यात सात-आठ आसनी गाडी ही हौसेची वस्तू क्वचितच असते. कपाशी, सोयाबीन, मक्याचे आलेले पैसे, त्यात पतसंस्थेचे कर्ज आणि घरातले थोडे सोने एवढे एकत्र करून ती घेतली जाते. घरचे लग्न, शेगावची वारी, आजारी माणसाला अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला नेणे ही तिची कामे. शिवाय शिकलेल्या पण नोकरी नसलेल्या मुलाला ती भाड्याने चालवून चार पैसे मिळतील ही आशाही त्यात असते. अशी गाडी फसली तर घराचा पाच-सात वर्षांचा हिशेब कोलमडतो. म्हणून या विषयाचा थोडा नीट अभ्यास व्हावा, या हेतूने गेली काही वर्षे मी कायदे, नियम, जुन्या गाड्यांचे कागद आणि मोताळा-मलकापूर-बुलढाणा पट्ट्यातल्या मिस्त्र्यांचे बोलणे जुळवून पाहत आलो आहे. त्यातून जे पक्के वाटले तेवढेच इथे मांडतो.

जपानमधली जुनी गाडी आपल्याकडे का येत नाही

सुरुवात जपानपासूनच करू. तिथे ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी आहे. नव्या खासगी गाडीची ती तीन वर्षांनी होते आणि पुढे दर दोन वर्षांनी. ब्रेक, दिवे, धूर, स्टिअरिंग, खालचा सांगाडा, सगळे तपासले जाते आणि त्यासोबतचा कर, विमा, दुरुस्ती धरून मालकाला बरीच मोठी रक्कम मोजावी लागते. त्यामुळे अनेक जपानी मालक पुढचे शाकेन जवळ आले की गाडी विकून मोकळे होतात. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या या गाड्या जहाजाने न्यूझीलंड, केनिया, टांझानिया, पाकिस्तान, बांगलादेशाकडे जातात. ढाक्याच्या रस्त्यावर दिसणारी टोयोटा नोआ किंवा नैरोबीत ‘मटाटू’ म्हणून प्रवासी वाहणारी टोयोटा हायएस पुष्कळदा जपानमध्ये आधी वापरून झालेली असते.

या व्यापारात एक गोष्ट आपण शिकण्यासारखी आहे. जपानमध्ये जुन्या गाड्यांचा लिलाव होतो आणि प्रत्येक गाडीसोबत एका पानाचा तपासणी-कागद असतो. तो विकणारा भरत नाही, लिलावगृहाचा तपासनीस भरतो. गाडीला एकूण गुण दिलेले असतात : साडेचार म्हणजे फार चांगली, साडेतीन म्हणजे वापरलेली पण धड. गंभीर अपघातानंतर दुरुस्त केलेली असेल तर आकड्याऐवजी ‘आर’ हे अक्षर लिहितात. खाली गाडीचे चित्र असते आणि त्यावर खुणा : ओरखड्याला ‘ए’, पोचा असेल तर ‘यू’, ठोकून-रंगवून दुरुस्त केलेल्या पत्र्याला ‘डब्ल्यू’, गंजाला ‘एस’, बदललेल्या भागाला ‘एक्सएक्स’. शाकेनच्या वेळी गाडी किती किलोमीटर चालली याचीही नोंद होते. त्यामुळे केनियातल्या एखाद्या चालकाला, जपान कधी न पाहताही, आपल्या गाडीचे पूर्वायुष्य बऱ्यापैकी वाचता येते. हा कागदही खोटा बनवणारे आहेतच. पण मुळात असा कागद असतो, ही मोठी गोष्ट आहे.

मग ही गाडी भारतात का येत नाही? १ एप्रिल २००१ पासून भारताने आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उठवले, पण जुन्या गाड्यांसाठी अटींची भिंत तेव्हाच उभी केली. गाडी तीन वर्षांहून जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे हवे, भारतीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तपासणीचा दाखला हवा, पुढची किमान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यायोग्य राहील याची हमी हवी, आणि उतरवायची ती मुंबई बंदरातच. त्यावर आयात शुल्क दीर्घकाळ सव्वाशे टक्के होते. २०२५ च्या अर्थसंकल्पात शुल्काची मांडणी बदलली, तरी एकूण बोजा गाडीच्या किमतीहून जास्तच राहिला. जपानी गाडी स्वस्त मिळते ती सहसा पाच-सात वर्षांची झाल्यावर. तीन वर्षांच्या आतली गाडी मुळात महाग आणि त्यावर तिच्या किमतीहून जास्त कर. त्यामुळे हा व्यवहार आपल्या माणसाला परवडण्याजोगा उरतच नाही. आपल्या वाहन उद्योगाला आणि त्यावर जगणाऱ्या कामगारांना या भिंतीने सावली दिली हे खरे. कुणी ‘थेट जपानहून आणलेली स्वस्त गाडी’ देऊ करत असेल, तर मात्र एवढा हिशेब लक्षात ठेवून दोन पावले मागे सरावे.

भेकर, बिडदी आणि किर्लोस्कर

जपानमधून गाडी आली नाही, पण तिचा आराखडा आला. इंडोनेशियात १९७७ मध्ये टोयोटाने ‘किजांग’ नावाची साधी, दणकट, दुरुस्तीला सोपी गाडी काढली. किजांग म्हणजे आपल्या जंगलातही दिसणारे भेकर. खेडेगावच्या रस्त्यावर माणसे आणि माल दोन्ही वाहील अशी ती गाडी होती. तिच्याच तिसऱ्या पिढीला नवे रूप देऊन २००० च्या आरंभी भारतात ‘क्वालिस’ आली.

ती बनवणाऱ्या कंपनीचे अर्धे नाव मराठी आहे. टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली आणि बंगळुरूजवळ बिडदी येथे तिचा कारखाना उभा राहिला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली होती आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. ज्या घराण्याने काळ्या मातीसाठी लोखंडी नांगर घडवला, त्याच घराण्याचे नाव पुढे काळ्या मातीच्या प्रदेशातल्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाडीच्या कंपनीला लागले.

क्वालिसमध्ये २४४६ सीसीचे साधे डिझेल इंजिन होते. ताकद बेताची, पण वर्षानुवर्षे टिकणारी. मागणी असतानाच २००५ मध्ये कंपनीने ती बंद करून इनोव्हा आणली. तिचे २४९४ सीसीचे कॉमन रेल डिझेल इंजिन अधिक ताकदवान, अधिक शांत आणि दुरुस्तीला अधिक नाजूक. २०१६ मध्ये क्रिस्टा आली. तिच्यापर्यंत सगळ्या गाड्या शिडीसारख्या जाड चॅसिसवर बांधलेल्या आणि मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या होत्या. २०२२ च्या अखेरीस कंपनीने सादर केलेली हायक्रॉस मात्र वेगळ्या बांधणीची, पुढच्या चाकांवर ओढणारी पेट्रोल गाडी आहे. नाव इनोव्हाचे असले तरी जुन्या इनोव्हाचा अनुभव तिला लावता येत नाही.

आपल्या भागात जिला लोक अमेरिकन समजत, ती शेव्हरोले टवेरासुद्धा मुळात जपानच्या इसुझू कंपनीची ‘पँथर’ होती, तीही इंडोनेशियाच्याच वाटेने आलेली. २००४ मध्ये ती भारतात आली आणि २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सने इथली विक्रीच थांबवली. मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओमनी, ही सुझुकीच्या ‘कॅरी’ची बहीण, १९८४ पासून २०१९ पर्यंत ती बनत होती. म्हणजे काळीपिवळी जीप सोडली, तर आपल्या दारातल्या बहुतेक प्रवासी गाड्यांचे कूळ जपानी आहे.

कूळ ओळखायची एक सोपी खूण चॅसिसवर कोरलेल्या सतरा अक्षरी क्रमांकात असते. जपानमध्ये बनलेल्या गाडीच्या क्रमांकाची सुरुवात ‘जे’ अक्षराने होते, टोयोटाची असेल तर ‘जेटी’. बिडदीच्या गाडीची सुरुवात ‘एमबीजे’ने होते. गाडी ‘इंपोर्टेड’ असल्याचे सांगून जादा पैसे मागणाऱ्याला हा क्रमांक दाखवायला सांगावे. कोरीव अक्षरे घासलेली, पुन्हा ठोकलेली किंवा आरसीशी न जुळणारी दिसली, तर किंमत कितीही कमी असली तरी तो व्यवहार तिथेच सोडावा.

दिल्लीहून मोताळ्याला

देशाबाहेरची आयात बंद असली तरी देशातल्या देशात जुन्या गाड्यांची मोठी आयात-निर्यात चालते. तिची दिशा ठरवणारा मोठा निर्णय २०१५ चा. त्या वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्या चालवायला मनाई केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर मोहोर उमटवली. पुढे या नियमांच्या अंमलबजावणीत वेळोवेळी बदल होत गेले. पण परिणाम स्पष्ट होता : आपल्याकडे ज्या डिझेल गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, ती दिल्लीत दहाव्या वर्षीच निरुपयोगी ठरू लागली. मालकाला विकण्याची घाई आणि गाडीत अजून दम. दिल्लीच्या इनोव्हा स्वस्त मिळण्याचे कारण हे आहे. जपानी मालक शाकेन टाळण्यासाठी विकतो तसाच दिल्लीकर मुदत टाळण्यासाठी विकतो. म्हणून स्वस्त म्हणजे खराब, असे समजण्याचे कारण नाही.

धोका दुसरीकडे असतो. दिल्लीच्या परिवहन खात्याने २०२२ च्या आरंभापासून अशा मुदत संपलेल्या डिझेल गाड्यांची नोंदणी रद्द करायला सुरुवात केली. दुसऱ्या राज्यात न्यायची तर तिथले ना-हरकत प्रमाणपत्र हवे, बोली भाषेत एनओसी. हे प्रमाणपत्र आधी हातात नसेल आणि ‘मागाहून पाठवतो’ असे सांगून गाडी दिली जात असेल, तर आपण गाडी विकत घेत नसून लोखंड विकत घेत आहोत असे समजावे. एनओसी नमुना २८ मध्ये असते, त्यावर कोणत्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयासाठी दिली हे लिहिलेले असते. तिथे बुलढाणा असले पाहिजे. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. आपल्या भाषेत एमएच २८ पासिंग. त्यासाठी महाराष्ट्राचा कर भरावा लागतो आणि तो लहान नसतो. दिल्लीच्या किमतीत हा कर, आणण्याचे डिझेल, दलाली आणि फेऱ्यांचा खर्च मिळवला की स्वस्ताई बरीच वितळते. आधी सगळी बेरीज करावी, मग इसार द्यावा.

पूर हाही गाड्यांना गावाबाहेर काढतो. मुंबईचा २६ जुलै २००५, चेन्नईचा डिसेंबर २०१५, सांगली-कोल्हापूरचा ऑगस्ट २०१९ : प्रत्येक वेळी हजारो गाड्या पाण्यात बुडाल्या. बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांमार्फत भंगार म्हणून विकल्या जातात आणि त्यांतल्या काही धुऊन-पुसून, दूरच्या, कोरड्या जिल्ह्यात पुन्हा विकायला येतात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून बघावा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ असेल, आसनाखालच्या पट्ट्या गंजलेल्या असतील, गालिचा उचलल्यावर कुबट वास येत असेल, तर गाडीने पाणी पाहिले आहे. अशा गाडीच्या वायरिंगचा भरवसा कधीच देता येत नाही.

कागदांचा क्रम

गाडीआधी कागद बघावेत, असे मी सगळ्यांना सांगतो. इंजिन दुरुस्त होते, कागद दुरुस्त होईलच असे नाही.

पहिला प्रश्न, आरसीवर नाव कोणाचे? समोर बसून सौदा करणारा माणूस आणि आरसीवरचा माणूस वेगळे असतील, तर मूळ मालकाशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्याकडे कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन एकच गाडी दोन-तीन हात फिरते आणि नोंद पहिल्याच्याच नावावर राहते. यात घेणाऱ्याइतकाच विकणाराही अडकतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला. गाडी लागोपाठ अनेकांना विकली गेली होती, २००९ मध्ये तिचा अपघात झाला, आणि नोंद मात्र पहिल्या मालकाच्या नावावरच होती. न्यायालयाने सांगितले की नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. आपली जुनी गाडी ‘ओळखीत’ देऊन निर्धास्त झालेल्या प्रत्येकाने हा निकाल समजून घ्यावा. कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने एकाच राज्यात असेल तर १४ दिवसांत आणि परराज्यात असेल तर ४५ दिवसांत विक्री कळवायची असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. नमुना २९ आणि ३० हे त्यासाठीचे अर्ज. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठीही नियम आले आहेत. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद नमुना २९-क ने झाली की जबाबदारी विक्रेत्यावर येते. विकणाऱ्याने निदान एवढे तरी करून घ्यावे.

दुसरा प्रश्न कर्जाचा. आरसीवर बँकेचे किंवा पतसंस्थेचे नाव असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि नमुना ३५ घेऊन ते उतरवून घ्यावे लागते. लोक त्याला ‘एचपी उतरवणे’ म्हणतात. ‘दोनच हप्ते राहिलेत’ या वाक्यावर पैसे देऊ नयेत. बाकी रक्कम आपणच बँकेत भरावी, पावती घ्यावी आणि उरलेले पैसे मालकाला द्यावेत. तिसरा प्रश्न थकलेल्या ई-चलनांचा. गाडी क्रमांक टाकून ती पाहता येतात. चौथा, चोरीचा, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर चॅसिस आणि इंजिन क्रमांकावरून तपासणी करता येते. पाचवा, विम्याचा, गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमाही आपल्या नावे करून घेण्याचा अर्ज द्यावा. जुन्या मालकाची ‘नो क्लेम’ सूट त्या माणसाची असते, ती गाडीबरोबर येत नाही.

पिवळी पाटी पांढरी होते तेव्हा

इनोव्हा आणि क्वालिस यांच्या बाबतीत सर्वांत मोठे लपवलेले पूर्वायुष्य म्हणजे टॅक्सीचे. या गाड्या शहरांत कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ने-आण करायला, विमानतळावर आणि पर्यटनाला मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. साधा हिशेब करा : दिवसाला २०० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर एका वर्षात ६० हजार किलोमीटर होतात, पाच वर्षांत तीन लाख. अशी गाडी परमिट सोडून, खासगीत बदलून, पांढऱ्या पाटीवर विकली जाते. हा बदल कायदेशीर आहे. फसवणूक सुरू होते ती मीटर मागे फिरवून ‘डॉक्टरची गाडी आहे, कमी चालली’ असे सांगितले जाते तेव्हा.

मीटरवर विश्वास न ठेवता गाडीवर ठेवावा. ब्रेक आणि क्लचच्या पायट्यांवरचे रबर, स्टिअरिंगची चकाकी, चालकाच्या आसनाची बाहेरची कड, मधल्या दाराचे बिजागर, मागच्या आसनांचे लीव्हर : एक लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत हे सगळे तीन लाखांइतके झिजत नाही. पाटीच्या कडेला पिवळा रंग, छतावर कॅरिअरची भोके, वेगनियंत्रक बसवल्याच्या खुणा दिसल्या तर सरळ विचारावे. चॅसिस क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या सर्व्हिसिंगची नोंद मिळू शकते. मालकाला सोबत नेऊन ती बघावी. जपानी लिलावाच्या कागदाला आपल्याकडचा जवळचा पर्याय हाच.

याच्या उलटा प्रकार आपल्या गावात घडतो आणि तो जास्त गंभीर आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी घ्यायची आणि ती लग्नसराईत, वारीला भाड्याने चालवायची. वर्षाचा कर आणि परमिट वाचते, असा विचार असतो. पण खासगी विमा भाड्याच्या वापरासाठी नसतो. अपघात झाला की विमा कंपनी अटीचा भंग झाला म्हणून हात वर करू शकते, किंवा तिसऱ्या पक्षाला दिलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते. आणि विमा फक्त ‘थर्ड पार्टी’ असेल, तर खासगी गाडीत बसलेल्या माणसांना त्याचे संरक्षण साधारणतः मिळतच नाही. गाडीत आठ माणसे बसलेली असतात आणि मालकाला वाटत असते की विमा आहे. ज्या मुलाच्या रोजगारासाठी गाडी घेतली, त्याने ती रीतसर परमिट आणि योग्य विम्यासहच चालवावी. हा खर्च धंद्याचा भाग समजावा.

राजूर घाटाची परीक्षा

कागद जुळले की गाडी रस्त्यावर घ्यावी. मोताळ्याच्या माणसाला यासाठी प्रयोगशाळा शोधायला नको. बुलढाण्याच्या वाटेवरचा राजूर घाट आहे. गाडी रात्रभर थंड राहिलेली असताना सकाळी स्वतः चालू करावी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. चालू होताना सतत निळा धूर येत असेल तर इंजिन तेल जाळते आहे. भरपूर काळा धूर म्हणजे इंजेक्टर किंवा हवेच्या मार्गात दोष. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर असेल तर कूलंट आत जात असण्याची शंका घ्यावी. इंजिन चालू असताना तेलाचे झाकण उघडून बघावे. तिथून भकाभक वाफ उसळत असेल तर आतले काम मोठे आहे.

मग पाच माणसे बसवून, एसी लावून घाट चढावा. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच संपला. तापमानाचा काटा मध्यापुढे सरकतो का ते बघावे. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते का, गाडी एका बाजूला ओढते का, हेही कळते. परत आल्यावर गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर चढवून खालून चॅसिस बघावे. शिडीच्या बांधणीच्या गाडीत वरचा पत्रा नवा करता येतो, वाकलेली चॅसिस लपवता येत नाही. वेल्डिंगचे डाग, सरळ रेषेतली लहर, दोन्ही बाजूंत फरक हे सगळे खालून दिसते. जुन्या इनोव्हाच्या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो ठरलेल्या अंतराला, दीड लाख किलोमीटरच्या आसपास, बदलावा लागतो. न बदलता तुटला तर इंजिन आतून फुटते. बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करावा. इंजेक्टर महाग असतात, म्हणून ओळखीच्या मिस्त्र्याकडून संगणकावर त्यांची तपासणी करून घ्यावी.

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी फार जुना टायर कडक झालेला असतो. आपल्या जिल्ह्यातून, सिंदखेडराजा-मेहकरकडून, समृद्धी महामार्ग जातो आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. गावातल्या रस्त्यावर चाळिसाने चालणाऱ्या गाडीचा जुना टायर त्या वेगाला आणि मे महिन्याच्या उन्हाला टिकेलच असे नाही. घरची माणसे घेऊन त्या रस्त्यावर जाणार असाल, तर टायरमध्ये काटकसर करू नका.

वयाचा हिशेब

क्वालिसबद्दल अजूनही ओढ आहे, म्हणून एक स्पष्ट सांगतो. शेवटची क्वालिस २००५ ची. म्हणजे आज दिसणारी प्रत्येक क्वालिस वीस वर्षांची झाली आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील हलक्या मोटारींच्या या नूतनीकरणाचे शुल्क ५ हजारांवरून १० हजार रुपये केले. परदेशातून आयात केलेल्या चारचाकीसाठी तेच ८० हजार आहे. शिवाय जुन्या गाडीवर राज्याचा पर्यावरण कर आहे. आणि क्वालिसमध्ये एअरबॅग नाही. आडव्या मागच्या बाकांवर बसलेल्या मुलांना अपघातात धरून ठेवणारे काहीच नसते. शेतातल्या कामाला, गावातल्या गावात ती चालेल. लग्नाचे वऱ्हाड भरून घाट उतरायला ती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. दहा-बारा वर्षांची, कागद स्वच्छ असलेली इनोव्हा थोडी महाग पडली तरी हिशेबाने स्वस्त ठरते.

जपानी गाडी टिकते हे खरे, पण ती टिकते ती वेळच्या वेळी तपासणी होते, नोंद ठेवली जाते आणि पुढच्या मालकाला ती नोंद मिळते म्हणून. गाडीचा आराखडा आपण आणला, कारखाना आणला. नोंदीची सवय मात्र आणायची राहिली. ती सुरू करायला सरकारी आदेश लागत नाही. दोन रुपयांची पावतीही फाइलमध्ये लावणे, प्रत्येक सर्व्हिसिंगला तारीख आणि किलोमीटर वहीत लिहिणे, आणि विकताना ती फाइल आरसीसोबत पुढच्या माणसाच्या हातात देणे एवढे पुरे. अशा दहा-वीस फाइली तालुक्यात फिरू लागल्या, तर फाइल नसलेल्या गाडीची किंमत आपोआप पडेल, आणि विकणारेही कागद जपायला लागतील.